जादाचा काना

आमच्या बाबांनी चाळीस वर्षं अरबीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं अरबी केलं, आणि संध्याकाळी घरी येऊन त्या दोघींची भांडणं लावली. बाकीच्यांचे वडील जेवताना राजकारणावर बोलतात, आमचे सर्वनामांवर बोलायचे.

"इंग्रजी फार सभ्य बाई आहे," ते म्हणायचे. "दारात एक उभा आहे की दहा, बाई आहे की पुरुष, काही विचारत नाही. या, बसा, म्हणते. अरबी उंबऱ्यातच अडवते. कितीजण? बायका की पुरुष? सांगा, मग आत या."

"म्हणूनच इंग्रजीकडे पाहुणे जास्त येतात," मी म्हणायचे. मी कायम इंग्रजीच्या बाजूनं. बाबा निवृत्त झाले त्या भाषांतर कार्यालयात आता मी प्रूफं तपासते, दोन्ही भाषांची. त्यामुळे रोजचा ताप मला माहीत आहे. मागच्या महिन्यात एका कंपनीचं दोन ओळींचं इंग्रजी पत्र आलं: तुम्ही सोमवारी या, येताना तुमचे फोटो आणा. इंग्रजीत झालं की काम. अरबीत करायला घेतलं आणि बसले डोकं धरून. तुम्ही म्हणजे कोण? एक बाप्या? एक बाई? की घोळका? प्रत्येकाला क्रियापद वेगळं. तीन फोन केले तेव्हा कळलं की दोन बहिणींना बोलावलंय. दोन! म्हणजे आणखीच वेगळं.

कारण मराठीत आणि इंग्रजीत एक झालं की पुढे सरसकट अनेक. एक मुलगी, मग मुली. अरबीत मध्ये एक पायरी आहे, ती फक्त दोनासाठी. बिन्त म्हणजे मुलगी. बिन्तान म्हणजे बरोब्बर दोन मुली. तिसरी आली की बनात. एवढंच व्याकरण आहे या गोष्टीत, घाबरू नका.

या पायरीवरून बाबांनी कार्यालयात कित्येकांना रडवलंय. एकदा चाळीस पानांचा करार त्यांनी टेबलावर आपटला होता, कारण सोळाव्या पानावर दोन जामीनदारांना अनेकवचनात टाकलं होतं. "ज्याला दोन मोजता येत नाहीत त्यानं भाषांतर करू नये, भाजी विकावी," ते त्या पोराला म्हणाले. "आणि भाजीवालासुद्धा ठेवून घेणार नाही तुला." आमच्याकडे हा किस्सा पाहुणे आले की सांगितला जायचा, आणि बाबा खोटं खोटं लाजायचे.

आम्ही दोघी बहिणी. मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान धाकटी. तिला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी बाबांनी तिला माझ्या मांडीवर ठेवलं, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाले, "बिन्तान!" आई ही गोष्ट इतक्या वेळा सांगते की मलाही ती आठवते असं वाटतं. मग ती आमची हाकच झाली. बाबा दार उघडून ओरडायचे, "या बिन्तान!" आणि आम्ही दोघी धावायचो. पुढे आईनंही उचलली. "बिन्तान, ताटं वाढली!" आईचं अरबी ते एवढंच, असं आम्ही सगळे समजत होतो.

मी नऊ वर्षांची झाल्यावर बाबांनी मला अरबी शिकवायला घेतलं. जेवणाच्याच टेबलावर, आईचं निवडणं-टिपणं चालू असताना. धाकटीवर पुढे तोच प्रयोग झाला, पण ती चार दिवसांत पळाली. मी टिकले. खरं सांगायचं तर अक्षरांच्या प्रेमानं टिकले नाही. तो तास बाबा फक्त माझे असायचे, म्हणून टिकले. मी त्यांची लाडकी होते. धाकटीही तसंच म्हणते, तीस वर्षं म्हणतेय, आणि मी खोटं खोटं लाजते.

निवृत्तीनंतर बाबांनी सहा वर्षं खपून पुस्तक लिहिलं. कोणत्या भाषेत माणसाला मन मोकळं करता येतं, अरबीत की इंग्रजीत, असा विषय. डावीकडून उघडलं की इंग्रजी, उजवीकडून उघडलं की अरबी, आणि दोन्ही मधोमध येऊन भेटतात. मजकूर दोन्हीकडे तोच. माझ्या आग्रहानं त्यांनी काका-मामांचा मुद्दाही घातला: इंग्रजीत काका आणि मामा एकाच शब्दात कोंबलेत, अरबीत आपल्यासारखेच वेगवेगळे आहेत. शेवटच्या प्रकरणात त्यांनी निकाल दिला होता की सबब सांगायला इंग्रजी बरी, आणि कबुली द्यायला अरबी. मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, "निकाल पक्षपाती." त्यांनी खाली लिहिलं, "न्यायाधीश म्हातारा आहे, चालवून घे."

आता अर्पणपत्रिका. इंग्रजी बाजूला एक ओळ होती: माझ्या मुलींना. अरबी बाजूला तीच ओळ: इला बनाती.

मला हसू आलं. बनाती! या माणसानं! दोनावरून माणसं रडवली त्यानं स्वतःच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर पोटच्या दोन पोरींना अनेकवचनात घातलं होतं. लिहिताना तो फरक एका उभ्या रेघेचा आहे. त्या रेघेला अरबीत अलिफ म्हणतात, मी लहानपणापासून काना म्हणते, कारण दिसतो तसाच. काना असला तर तीन किंवा जास्त मुली. काना काढून शेवटच्या अक्षरावर बारीकशी खूण दिली की दोन. मी काना खोडला, खूण दिली आणि समासात लिहिलं, "भाजी विकायला बसा आता."

दुसरं प्रूफ आलं. काना परत आला होता. मी पुन्हा खोडला. बाबांचे डोळे आता अधू झालेत, मोतीबिंदू आहे, चुकून झालं असेल, असं म्हटलं.

तिसऱ्या प्रुफात काना होताच, आणि त्याखाली त्यांनी एक ओळ वाढवली होती. इंग्रजीत: मला जे बोलता आलं नाही ते त्यांना इथे सापडेल. अरबीत मी तीच ओळ वाचली आणि माझा पेन्सिलीचा हात तसाच राहिला. कारण अरबीत 'सापडेल' नुसतं सापडत नाही. कोणाला सापडेल ते क्रियापदातच सांगावं लागतं. दोघींना असेल तर एक रूप, तिघींपासून पुढे दुसरं. बाबांनी दुसरं लिहिलं होतं. काना हाताच्या चुकीनं पडू शकतो. अख्खं क्रियापद चुकीनं पडत नाही, निदान या माणसाच्या हातून तर नाहीच.

कार्यालयात बाजूला दोघंजण चहा पीत होते, कुणाच्या तरी गाडीबद्दल बोलत होते, आणि मला त्यांचे शब्द कळेनात. मी परत परत ती ओळ वाचत होते. इंग्रजी पान शेजारीच होतं, स्वच्छ, सभ्य, काही न विचारणारं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी बाबांच्या खोलीत गेले. ते भिंग घेऊन बसले होते.

"बाबा, तुम्ही पुन्हा काना घातलात."

"घातला."

"अहो, पण आम्ही दोघी आहोत."

त्यांनी भिंग खाली ठेवलं, उठले आणि खोलीचं दार लावून घेतलं. आमच्या घरात ते दार कधी कुणी लावत नाही, त्याच्यामागे कपडे टांगलेले असतात. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सलास."

म्हणजे तीन.

"कोण तिसरी?"

मी मराठीत विचारत होते, ते अरबीत सांगत होते. शेवटपर्यंत तसंच चाललं. मी दोन वर्षांची असताना ते तीन वर्षांच्या करारावर एका अरब देशात गेले होते, हे मला माहीत होतं. त्यांनी तिथून पाठवलेली बाहुली अजून माळ्यावर आहे. तिथे एक बाई होती. तिला मुलगी झाली. ती बाई आता नाही. मुलगी एका शाळेत शिकवते, तिला अरबीखेरीज काही येत नाही. बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या पत्त्यावर ती वर्षातून एक पत्र पाठवते. कधी काही मागत नाही. गेल्या वर्षी मागितलं. एकच वाक्य होतं: कुठेतरी मलाही मोजा.

"किती वर्षांची आहे?" मी विचारलं. खरं म्हणजे मी कानांत बोटं घालून बसले होते. लग्नाआधीचं काही असेल, असं मला अजूनही ऐकायचं होतं. माणूस किती मूर्ख असतो. करार मी दोन वर्षांची असतानाचा, हे त्यांनी आत्ताच सांगितलं होतं.

"तुझ्याहून तीन वर्षांनी लहान."

म्हणजे आमच्या दोघींच्या मधली. मी त्यांच्या पलंगावर बसले. समोर माझे तेच बाबा, स्वेटरचं खालचं बटण वरच्या काजात घातलेले, आणि मी त्यांच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होते.

"आणि आई?"

"तुझी आई पुस्तक डावीकडून उघडते," ते म्हणाले.

एवढ्या शांतपणे म्हणाले की मला त्यांना मारावंसं वाटलं. मी कधी कुणावर हात उगारलेला नाही, पण त्या क्षणी वाटलं. या माणसानं दोन भाषांचे दोन दरवाजे केले होते, एका बायकोसाठी आणि एका मुलीसाठी, आणि आपण मधोमध ऐसपैस बसला होता.

"मला कशाला गुंतवलंत यात? दुसरं कुणी तपासलं असतं प्रूफ."

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "माझ्यामागे तिच्याशी बोलणारं कुणीतरी हवं. तुला अरबी उगाच शिकवलं का?"

मी त्यांना दुसऱ्यांदा सांगायला लावलं, कारण मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बरोबर ऐकलं होतं. नऊ वर्षांची मी, जेवणाच्या टेबलावर पाय हलवत अक्षरं गिरवणारी, बाबांची लाडकी. मला दुभाषी म्हणून तयार करत होते ते. आणि मी बत्तीस वर्षं धाकटीसमोर मिरवत होते.

"शेवटचं प्रूफ तुझ्या हातात आहे," बाबा उठत म्हणाले. "तू ठेवशील ते." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते डोळे तपासायला निघून गेले. डॉक्टरांची वेळ दुपारची होती. सकाळीच गेले.

मी रजा टाकून घरी बसले. छापखान्याच्या मॅनेजरांचा फोन येऊन गेला होता: बारापर्यंत सांगा, नाहीतर मशीनवर दुसरं काम चढेल. जेवणाच्या टेबलावर मी पानं पसरली होती आणि तासभर अरबीत पळवाट शोधत होते. काना काढला तर पुस्तक तिकडे पोचेल, ती उजवीकडून उघडेल, आणि पहिल्याच पानावर तिला दिसेल: माझ्या दोन मुलींना. इंग्रजीत नुसतं मोजायचं राहून गेलं असतं. अरबीत तिला वगळल्याचं छापून आलं असतं. काना ठेवला तर आज ना उद्या कार्यालयातलं कुणीतरी हसत हसत आईला विचारणार, वहिनी, साहेबांनी दोनाचे तीन कसे केले? 'मुलांना' लिहावं तर तेही तीनापासून पुढे. 'घरच्यांना' बसत होतं, फक्त ती घरची नव्हती.

आई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जुन्या पडद्याची शिवण उसवत होती. पडदा धुऊन आटला होता, खालची दुमड सोडून लांब करायचा होता. ती मधेच कात्री थांबवून माझ्याकडे बघायची, पुन्हा उसवायची.

"अजून नाही झालं?" तिनं विचारलं.

"होतंय. एक काना आहे, तो राहू द्यायचा की काढायचा, तेवढंच."

"काढलास तर दोन, ठेवलास तर तीन. तोच ना?"

मला वाटलं मला भास झाला. मी तिच्याकडे बघितलं. ती दोरा ओढत होती.

"तुला काय माहीत?"

"अगं, लिहिताना मोठ्यानं वाचतात ते, आयुष्यभराची खोड आहे. महिनाभर वाचतायत, बनाती, बनाती." तिनं दोऱ्याचा गुंता टेबलावर ठेवला. "तू नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून याच टेबलावर दोनाचं वेगळं नि तीनाचं वेगळं ऐकतेय मी. बिन्त, बिन्तान, बनात. तू चुकायचीस, ते परत म्हणायचे. मला वाचता येत नसेल. कान आहेत की मला."

महिनाभर! महिनाभर ही बाई त्यांना सकाळचा चहा देत होती, डोळ्यांत थेंब घालत होती, आणि मोजत होती.

"पहिल्यांदा वाटलं, विसरले. वय झालं," ती म्हणाली. "मग म्हटलं, हे विसरतील एक वेळ घराचा पत्ता. दोन विसरायचे नाहीत." तिनं आणखी एक टाका उसवला. "काल दार लावून घेतलंत तुम्ही. तेव्हा नक्की झालं."

"आई..."

"जिवंत आहे?"

"आहे."

"तिला वाचता येतं हे?"

"हेच येतं फक्त."

आईनं मान हलवली, भाजीचा भाव पटल्यावर हलवते तशी. मला तिच्या शांतपणाची भीती वाटायला लागली. तिनं आदळआपट केली असती तर मी सावरले असते, मला निदान पाणी आणायला उठता आलं असतं. मग तिनं कात्री मिटली आणि तो प्रश्न विचारला, जो ती कधीतरी विचारेल म्हणून मी रात्रभर छताकडे बघत पडले होते.

"मोठी की धाकटी?"

बाबांच्या दोन्ही भाषांत बहीण म्हटलं की भागतं, थोरली-धाकटी कुणी विचारल्याशिवाय सांगावं लागत नाही. आईनं विचारलं होतं, आणि मराठीत विचारलं होतं, जिथे ताई म्हणायचं की नावानं हाक मारायची हे ठरल्याशिवाय आम्हाला बहिणीशी बोलताच येत नाही. तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं की ती 'मोठी' ऐकायला बसली आहे. मोठी असती तर ती लग्नाआधीची, माझ्याही आधीची, आईच्या आधीची. तेवढं तिनं महिनाभरात गिळून टाकलं असणार. एका शब्दाचं खोटं होतं. मी ते तोंडापर्यंत आणलंही.

"मधली," मी म्हणाले.

आई हलली नाही. तिचे फक्त ओठ हलत होते, आणि मला कळलं ती वर्षं मोजतेय. त्या तीन वर्षांत ती दर आठवड्याला बाबांना पत्र लिहायची, माझ्या तळहाताला शाई लावून खाली ठसा उमटवायची. ती मोजत मोजत त्या तीन वर्षांतून बाहेर आली, धाकटीपर्यंत आली आणि तिथे थांबली.

"म्हणजे धाकटीला घरी आणलं तेव्हा..." ती म्हणाली. "तुझ्या मांडीवर ठेवून..."

"हो."

"तेव्हाच तीन होत्या."

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. रात्रभर जागले, प्रत्येक शब्द उलटापालटा केला, आणि रोज कानांवर पडलेला शब्दच मी मोजला नव्हता. दार उघडून मारलेली ती प्रत्येक हाक. या बिन्तान. सोळाव्या पानावरच्या चुकीसाठी पोराला रडवणारा माणूस पस्तीस वर्षं स्वतःच्या घरात तीच चूक करत होता, आणि आम्ही धावत जात होतो.

"मीही हाका मारल्या तशा," आई म्हणाली. "ताटं वाढून."

फोन वाजला. बाराला दहा कमी होते. माझा हात उचलेना. आईनं पडदा बाजूला सारला, पदराला हात पुसले, जणू ओले होते, आणि फोन उचलला.

"हो, मी त्यांची मिसेस बोलतेय," ती म्हणाली. "तो अरबीतला काना ना? राहू द्या. इतके दिवस चुकीचं चाललं होतं, आता बरोबर आहे." पलीकडून मॅनेजर काहीतरी विचारत होते. आईनं फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. "इंग्रजीत काही बदलायचंय का, विचारतायत."

मी मानेनं नाही म्हटलं.

"नाही, तिथे तसंच राहू द्या," आई फोनमध्ये म्हणाली. "तिथे काही कळत नाही कुणाला."